टेबलाखालची चप्पल

मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून सुटणारी क्रूझ आता सोलापूरच्या घरांतही सुट्टीच्या बेतात येऊ लागली आहे. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचे, नाहीतर पहाटेची वंदे भारत धरायची, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे आणि टॅक्सी करून धक्का गाठायचा. कोर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करते. बुकिंग झाले की बॅगा भरायची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत एक प्रश्न येतोच: रात्रीच्या जेवणाला पायात काय घालायचे? बूट घ्यायलाच हवेत का? नेहमीचे सँडल चालतील का? आणि लग्नाकार्यात मिरवलेली कोल्हापुरी तिथे घातली तर कोणी दारात अडवेल का? प्रश्न छोटा वाटतो, पण त्याच्या उत्तरात हवामान आहे, कारागिरी आहे, जात आहे, इंग्रजी राजवटीचा वारसा आहे आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा विचारही आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जेवणाच्या दालनात वहाण योग्य की अयोग्य, हे बोटे झाकली आहेत की उघडी यावरून ठरवणे चूक आहे. ती वहाण स्वच्छ आहे का, पायात नीट बसते का आणि ती प्रसंगासाठी राखलेली आहे की न्हाणीघरासाठी, यावरून ते ठरावे. ही कसोटी लावली तर चांगली कोल्हापुरी जेवणाच्या टेबलाशी बसायला पूर्ण लायक ठरते आणि रबरी स्लिपर ठरत नाही.

आधी नियम काय म्हणतात ते पाहू, कारण या बाबतीत ऐकीव माहितीच फार. क्रूझवर सँडल चालतच नाहीत असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मोठ्या कंपन्यांच्या सूचना नीट वाचल्या तर चित्र वेगळे दिसते. कार्निव्हल कंपनी मुख्य भोजनगृहात ज्या गोष्टींना मनाई करते त्यांत पोहण्याचे कपडे, पुरुषांचे बिनबाह्यांचे शर्ट आणि समुद्रकिनाऱ्यावर घालायच्या फ्लिप-फ्लॉप आहेत. रॉयल कॅरिबियनचा कटाक्ष अनवाणी पाय आणि पोहण्याच्या कपड्यांवर आहे. नॉर्वेजियन कंपनीने २००० च्या सुमारास ठरलेल्या वेळा आणि ठरलेला पोशाख यांचे बंधन सैल करून तोच आपला विशेष म्हणून मिरवला, तरी तिच्या खास उपाहारगृहांत फ्लिप-फ्लॉप नकोच असतात. सगळ्यांत करडी म्हणावी ती क्युनार्ड. तिथे संध्याकाळी सहानंतर नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो आणि काही रात्री ‘गाला’ म्हणून राखलेल्या असतात. त्या रात्रींसाठी डिनर जॅकेट किंवा गडद सूट सांगणारी हीच कंपनी औपचारिक राष्ट्रीय पोशाखही मान्य करते. शिवाय प्रत्येक बोटीवर एक बुफे असतो आणि तिथे नियम बरेच सैल असतात. म्हणजे या सूचनांचा रोख चामड्याच्या नेटक्या सँडलवर नाही. तो पोहण्याच्या तलावाकडून थेट पानावर येऊन बसणाऱ्या ओल्या, फटफट वाजणाऱ्या रबरावर आहे. गोंधळ होतो तो उघड्या वहाणांची एकच मोट बांधल्यामुळे. हवाई चप्पल, ट्रेकिंगचे फ्लोटर, रोजचे पट्ट्यांचे सँडल आणि हाताने शिवलेली कोल्हापुरी यांना एका टोपलीत टाकले की सूचना लिहिणाराही चुकतो आणि दारात उभा राहून ती अंमलात आणणाराही.

हा बूट आला कुठून, हेही पाहायला हवे. आजच्या क्रूझचा शिष्टाचार हा जुन्या प्रवासी बोटींचा वारसा आहे. विमाने सुरू होण्यापूर्वी मुंबईहून विलायतेला जाणारा माणूस पी अँड ओ कंपनीच्या बोटीने दोन-अडीच आठवडे समुद्रावर काढत असे. त्या बोटींवर वर्ग होते, आणि कोण कुठल्या वर्गाचा हे संध्याकाळच्या कपड्यांवरून कळे. पहिल्या वर्गाचे प्रवासी रोज संध्याकाळी पोशाख बदलून जेवायला येत. खालच्या वर्गात एवढी सक्ती नसे. तेव्हा चकचकीत काळा बूट मुळात वर्गाची खूण होता, सभ्यतेची मागाहून ठरला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले तेही बोटीनेच. त्या काळी समुद्रप्रवासाला काही काम असावे लागे, कर्तव्य असावे लागे. आजचा क्रूझवाला सुट्टीवर निघालेला असतो आणि बहुतेक बोटींवर जुन्या अर्थाने वर्गही उरलेले नाहीत. ज्या व्यवस्थेसाठी तो नियम जन्मला ती व्यवस्था गेली, नियमाची सावली मात्र मागे राहिली. अशा नियमाला त्याचे कारण विचारण्यात उद्धटपणा नाही.

हिंदुस्थानात तर पायातल्या वहाणेचा वादही जुना आहे, आणि तो आजच्या उलट दिशेचा होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांचा आग्रह असा की एतद्देशीय माणसाने सरकारी दालनात येताना जोडे बाहेर काढावेत. युरोपीय पद्धतीचा पोशाख आणि बूट घालणाऱ्याला मात्र सूट होती. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीतले असेसर माणेकजी कावसजी एंटी यांनी सत्र न्यायाधीशांपुढे जाताना जोडे काढायला नकार दिला. न्यायाधीशांचे म्हणणे, वडीलधाऱ्यांपुढे जोडे काढणे ही तुमचीच रीत आहे. माणेकजी हटले नाहीत. त्यांना कोर्टात येऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांकडे तक्रार पाठवली. या वादात हिंदी लोकांनी केलेला युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. घरी आणि देवळात आम्ही जोडे काढतो, कारण रस्त्याची धूळ-घाण आत येऊ नये आणि पवित्र जागेचा मान राहावा. कोर्ट हे घरही नाही आणि देऊळही नाही, तेव्हा तिथला नियम त्या जागेच्या कामावरून ठरवा. माझी मागणीही तीच आहे: नियम जागेच्या कामावरून ठरवा. आणि त्या जुन्या वादातून आणखी एक गोष्ट उघड होते. पायात काही नसणे हा तेव्हा आदर मानला गेला आणि पाय पूर्ण झाकणे हा आज आदर मानला जातो. आदराची खूण शंभर-दीडशे वर्षांत अशी उलटीपालटी होत असेल, तर तिला निसर्गनियमासारखे मानायचे काहीच कारण नाही.

चप्पल घालून मोठ्या घरी जाण्याचे सर्वांत ठळक उदाहरण गांधीजींचे. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर ते स्वतः चपला शिवायला शिकले. १९१४ मध्ये तिथून निघताना त्यांनी आपल्या हातचा एक जोड तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्स यांना दिला आणि स्मट्स यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीच्या निमित्ताने, तो परत पाठवला. १९३१ च्या ऑगस्टअखेरीस ‘राजपुताना’ बोटीने ते गोलमेज परिषदेला निघाले आणि त्या नोव्हेंबरात बकिंगहॅम राजवाड्यातल्या स्वागताला पंचम जॉर्जपुढे पंचा, शाल आणि पायात चपला अशाच वेशात गेले. गांधीजी हा अपवाद होता, सगळ्यांना तो लागू नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. त्यांच्या पोशाखामागे राजकारण होते आणि सुट्टीवर निघालेल्या कुटुंबामागे ते नसते. पण त्या प्रसंगातून एवढे निर्विवाद सिद्ध होते की उघड्या वहाणेने यजमानाचा अपमान होतोच असे नाही. अपमान झाला की नाही हे माणसाच्या वागण्यावर ठरते.

या संदर्भात सोलापूर जिल्ह्याशी नाते असलेली आणखी एक घटना आहे. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. १९६४ मध्ये हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध गेले, तेव्हापासून आपण पायात काही घालणे सोडले असे हुसेन सांगत. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबात त्यांना अनवाणी असल्यामुळे प्रवेश नाकारला गेला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. हुसेन यांच्याविषयी आदर असूनही मला क्लबची बाजू पूर्ण खोटी वाटत नाही. भोजनगृहात अनवाणी येणे आणि चप्पल घालून येणे यांत फरक आहे. काच फुटते, गरम पदार्थ सांडतो, वाढप्याच्या बुटाखाली बोट सापडते. त्या दृष्टीने अनवाणी पायांना मनाई हा सुरक्षिततेचा नियम म्हणून समर्थनीय ठरतो. प्रत्येक नियमाला गुलामगिरीचा अवशेष म्हणणे हा आळस आहे, नियमामागचे कारण एकेक करून तपासायला हवे. तमिळनाडूने तर थेट कायद्याची वाट धरली. २०१४ मध्ये चेन्नईच्या क्रिकेट क्लबात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन यांना वेष्टी म्हणजे तिथले धोतर नेसल्यामुळे आत सोडले नाही. त्यानंतर त्याच वर्षी राज्याने कायदा केला आणि वेष्टी किंवा अन्य भारतीय पारंपरिक पोशाखामुळे प्रवेश नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद केली. महाराष्ट्रात चपलेसाठी असा कायदा व्हावा असे मला वाटत नाही. पोशाखाच्या बाबतीत कैदेची भीती घालणे अति होते. पण एका राज्याला तिथवर जावेसे वाटले, इतकी ही जखम जुनी आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

महाराष्ट्र शासनाने या प्रश्नाला वेगळ्या वाटेने हात घातला आहे आणि ती वाट मला अधिक पटते. ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात सरकारी कर्मचाऱ्यांनी काय घालावे ते सांगितले होते. जीन्स आणि टी-शर्टला मनाई केली म्हणून ते गाजले, पुढे जीन्सच्या बाबतीत माघारही झाली. त्यातल्या पायांविषयीच्या ओळींकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. स्त्रियांनी चप्पल, सँडल किंवा बूट वापरावेत, पुरुषांनी बूट किंवा सँडल, आणि कार्यालयात स्लिपर कोणीच वापरू नये, असा त्यांचा आशय होता. मंत्रालयापासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत लागू होणाऱ्या औपचारिक नियमात सँडलला जागा मिळाली आणि स्लिपरला नाही, म्हणजे रेघ बरोबर जागी ओढली गेली. त्या रेघेत खोट एकच. स्त्रियांना चप्पल चालते आणि पुरुषांना चालत नाही, याचे कारण कुठेही दिलेले नाही.

ही खोट क्रूझवरही जशीच्या तशी सापडते आणि माझ्या मते या वादातला सर्वांत निर्णायक पुरावा तीच आहे. कितीही भारी भोजनगृह असो, पुढची बोटे उघडी असलेले सँडल घालून आलेल्या स्त्रीला तिथे कोणी अडवत नाही. पैठणीखाली, गाऊनखाली, सलवारीखाली बारीक पट्ट्यांचे सँडल हाच तर समारंभाचा जोड समजला जातो. म्हणजे पायाचे बोट दिसले की जेवणाऱ्यांचा विरस होतो, हे कारण खरे नाही. ते खरे असते तर दोघांनाही सारखेच लागू झाले असते. उरते ते एवढेच की पुरुषाचा पाय कुरूप, भेगाळलेला, अस्वच्छ असणार असे आधीच गृहीत धरले आहे. सोलापूरच्या कोरड्या उन्हात टाचांना भेगा पडतात हे मान्य. पण त्यावर उपाय गरम पाणी, वजरी आणि थोडे खोबरेल हा आहे. नुसती बुटात लपवल्याने भेग बरी होत नाही, आणि दिवसभर बुटात घामेजलेल्या मोज्यांचा वास टेबलाखालून यायचा तो येतोच.

हवामानाचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटतो, मला वाटत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो, कधी त्रेचाळीस-चव्वेचाळिसावर जातो. अशा मुलुखातल्या माणसाने हवेशीर वहाण निर्माण केली, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. बंद बूट थंड, ओल्या देशांत जन्मला, तिथे तो योग्यच आहे. अरबी समुद्रावर हवा उष्ण आणि दमट असते. भोजनगृह वातानुकूलित असले तरी दिवस डेकवर जातो, पायांना हवा लागलेली बरी. आता कोणी विचारेल की आपल्याकडे तर जेवताना वहाणाच काढून ठेवतात, मग चपलेचा अभिमान कशाला? हा आक्षेप चांगला आहे. चप्पल दाराबाहेर, पाय धुवायचे आणि मग पाटावर बसायचे, ही आपली रीत. पण ती रीत जमिनीवर मांडलेल्या पानासाठी आहे. पान आणि पाय एकाच पातळीवर असतात तेव्हा वहाण आत आणणे म्हणजे रस्ता ताटाशी आणणे. टेबल-खुर्ची आली की ताट वर गेले आणि पाय खाली राहिले. मग वहाण चालली तरी तिच्यामागचे तत्त्व, म्हणजे स्वच्छता, तसेच राहायला हवे. दिवसभर बंदरावर, बाजारात, डेकवर वापरलेला जोड जेवायला नको, मग तो बूट असला तरी नको. आपल्या परंपरेने आपल्याला झाकण्याचा नियम दिलेला नाही, स्वच्छतेचा दिला आहे, आणि तोच बोटीवर न्यायच्या लायकीचा आहे.

औपचारिक पोशाख म्हणजे टाय आणि बूट, हे समीकरण सोलापूरकराने तरी मान्य करू नये. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज घेऊन निघणारे मानकरी आणि भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. ठरलेला, स्वच्छ, त्या दिवसासाठी राखून ठेवलेला पोशाख. औपचारिकतेची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही. चपलेच्या बाबतीतही तेच. ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांसाठी: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. ‘कोल्हापुरी’ म्हटले की सोलापूरचा उल्लेख कोणी करत नाही, पण कागदोपत्री या वहाणेवर सोलापूरचाही तितकाच हक्क आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर या दोन संस्थांच्या नावावर ते मानांकन आहे.

ती चप्पल नीट हातात घेऊन पाहा. कातडे रसायनांऐवजी बाभळीची साल आणि हिरडा यांत पकवलेले असते, म्हणून त्याचा रंग मधासारखा आणि वास उग्र. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, एकही खिळा नसतो. कडेने जाणारे टाके एका अंतरावर, एका खेचीत घेतलेले. दोन्ही बाजूंचे कान तळाशी असे जोडलेले की ओढ पडली तरी सुटू नयेत. वरच्या पट्ट्यावर बारीक वेणी, अंगठ्यापाशी कधी गोंडा. नवा जोड पहिले काही दिवस चावतो, तेल पाजावे लागते, आणि मग तो त्या एकाच माणसाच्या पायाचा होऊन जातो. कापशी, बक्कलनाली, कुरुंदवाडी अशी तिची घराणी आहेत. ही वस्तू अनौपचारिक कशी? तासन्‌तास हाताने शिवलेली वस्तू अनौपचारिक आणि साच्यातून निघालेला रेक्झिनचा काळा बूट औपचारिक, ही मांडणी वस्तूकडे न बघता केलेली आहे. त्यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती बोलायलाच हवी. कातडे कमावणारा ढोर समाज आणि चप्पल शिवणारा चर्मकार समाज यांना आपल्या गावगाड्याने वेशीच्या कडेला ठेवले. पायातली वहाण पायातच बरी, असे म्हणताना आपण वस्तूबरोबर माणसालाही त्याची जागा दाखवत आलो. आपल्या हातची उत्तम वस्तू आपल्यालाच हलकी वाटते, याचे मूळ केवळ इंग्रजांत नाही, आपल्यातही आहे.

म्हणूनच २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरीसारखे सँडल दिसले, तेव्हा इथे संताप झाला तो रास्त होता. आधी कारागिरांचे नावही घेतलेले नव्हते, ओरड झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार होऊन सुमारे दोन हजार जोड इथेच बनवून घेण्याचे आणि एक जोड सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर झाले. या प्रकरणातून मला आपल्या प्रश्नापुरता एकच निष्कर्ष काढायचा आहे. तोच आकार मिलानच्या मंचावर पुरुषांच्या उंची पोशाखाबरोबर शोभतो, तर मुंबई-गोवा बोटीच्या टेबलाखाली तो का शोभू नये? मात्र परदेशी कंपनीने उचलली म्हणून ती आता चालेल, असे म्हणणे मला मान्य नाही. प्राडाने हात लावला नसता तरी ती योग्यच होती.

आता विरुद्ध बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत त्यांकडे वळू. पहिला यजमानाच्या घरच्या नियमाचा. आपण विठ्ठलाच्या देवळात चपला बाहेर काढतोच ना, मग बोटीवर बोटीचे ऐकावे. ऐकावे, हे मला मान्य आहे. दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणे सर्वांत वाईट, कारण नियम त्याने केलेला नसतो आणि नोकरी त्याची जाते. एखाद्या कंपनीने गाला रात्रीसाठी बूट असे स्पष्ट लिहिले असेल तर बूट घ्यावेत, नाहीतर त्या रात्री बुफेत जेवावे. पण नियम पाळत असतानाच तो बदलावा असे कंपनीला कळवण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्याला आहे, आणि भारतीय बंदरातून भारतीय प्रवासी नेणाऱ्या कंपनीला तर हे सांगायलाच हवे. दुसरा मुद्दा घसरगुंडीचा: आज कोल्हापुरी चालू दिली तर उद्या हवाई चप्पल येईल, परवा बनियन. असे होत नाही, कारण रेघ वस्तूवरून ओढता येते. पाण्यासाठी बनलेली रबरी स्लिपर, प्लास्टिकचे क्लॉग आणि चिखल-डोंगरासाठीचे फ्लोटर एका बाजूला. चामड्याची, शिवणीची, स्वच्छ पुसलेली वहाण दुसऱ्या बाजूला. दारातल्या माणसाला हा फरक एका नजरेत कळतो. बनियन आणि कुर्ता यांतला कळतो तसाच.

तिसरा मुद्दा सर्वांत खरा आहे आणि चपलेचे चाहते त्याला बगल देतात. चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो. बोट हलते, जिन्यांना पितळी कडा असतात, काही दारांना उंच उंबरे असतात, बुफेजवळ पाणी सांडलेले असते. ज्येष्ठ माणसाने नवी कोल्हापुरी घालून तिथे फिरणे धोक्याचे आहे. शिवाय वनस्पतींत कमावलेले हे चामडे पाण्याला फार जपावे लागते. भिजले की फुगते, डाग धरते, दमट हवेत बॅगेत कोंडले तर बुरशी येते. म्हणजे ती बोटीवर सर्वत्र चालेल असा माझा दावा नाही. डेकवर नको, तलावाजवळ नको, किनाऱ्यावर उतरतानाही नको. ती आहे केबिनपासून भोजनगृहापर्यंत आणि परत. तिथेही तळाला पातळ रबरी सोल मारून घ्यावा. कोपऱ्यावरचा चांभार हे काम थोडक्या वेळात करून देतो आणि चपलेच्या रूपात काही फरक पडत नाही. पाय सैल पडत असेल किंवा तोल जात असेल तर मागे पट्टा असलेले चामडी सँडल अधिक चांगले. त्यांनाही माझी कसोटी तेवढीच लागू आहे.

पोशाखाची जोडी मात्र सांभाळावी लागते, यात माझी सवलत नाही. बर्मुडाखाली कोल्हापुरी घालून मुख्य भोजनगृहात जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. कुर्ता-पायजमा, नेहरू शर्ट आणि पँट, बंद गळ्याचा कोट, यांच्याखाली ती शोभते. पाश्चात्त्य सूट घालायचा असेल तर त्याच्याखाली बूटच घालावेत, कारण तो पोशाख बुटासह घडलेला आहे आणि अर्धा घेणे दोन्हींवर अन्याय आहे. क्युनार्डसारख्या कंपनीच्या औपचारिक राष्ट्रीय पोशाखाच्या सवलतीचा अर्थही मी असाच लावतो: डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. शेरवानीला मान्यता द्यायची आणि तिच्याखालच्या मोजडीला किंवा कोल्हापुरीला नाही, असे करता येणार नाही. भारतातून सुटणाऱ्या बोटींच्या सूचनापत्रकात याविषयी एक सरळ वाक्य असावे: रबरी आणि प्लास्टिकच्या चपला, ओल्या वहाणा आणि अनवाणी पाय भोजनगृहात नकोत, स्वच्छ चामडी सँडल आणि पारंपरिक चपला स्त्री-पुरुष दोघांनाही चालतील. एवढ्याने बुकिंगच्या वेळी विचारले जाणारे निम्मे प्रश्न मिटतील आणि दारातल्या कर्मचाऱ्यालाही अंदाजाने माणूस जोखावा लागणार नाही.

तोवर सोलापूरहून निघणाऱ्याने बॅगेत तीन जोड भरावेत: डेकसाठी मागे पट्टा असलेले रबरी तळाचे, जेवणासाठी तेल पाजून पुसलेली कोल्हापुरी कापडी पिशवीत, आणि कंपनीच्या पत्रकात गाला रात्र असेल तरच बूट. दोन-तीन रात्रींच्या फेरीला तिसरा जोड बहुधा लागत नाही. पहिल्या संध्याकाळी बहुतेक बोटींवर पोशाखाची सक्ती नसते, कारण धक्क्यावर सोपवलेल्या मोठ्या बॅगा केबिनपर्यंत उशिरा पोचतात. ही प्रथा जुन्या बोटींपासूनची आहे. म्हणून जेवणाचा जोड मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावा. म्हणजे रेल्वेतून उतरल्यापासून पायात असलेल्या धुळकट वहाणा घालून त्या रात्री पानावर बसायची वेळ येणार नाही.